डावी वेगळी, उजवी वेगळी

दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून, पूर्ण शुद्धीत, सासुरवाडीच्या लग्नात मिरवणारा माणूस या पृथ्वीतलावर आजवर एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. डाव्या पायात तपकिरी कातडी, उजव्यात निळी रबरी. मांडवात शिरले की कुणीतरी म्हणणारच, "अहो पाव्हणं, चप्पल बदलली तुमची!" साडूंचा चेहरा झुंबर लागल्यासारखा उजळायचा. "बदलली न्हाई, दाखवायला आणली. ही लग्नाकार्याची, ही रानातली. तुमच्या पायाला कोणती बघू?" मग नवरदेव बोहल्यावर ताटकळलेला आणि अर्धं वऱ्हाड साडूंच्या पायाशी वाकलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी थोर महाराज आलेत.

साडूंचं तेलगावला चपलांचं दुकान होतं. बरे दिवस होते तोवर त्यांच्या जाहिरातीला धरबंध नव्हता. भोंग्याची रिक्षा खुद्द त्यांच्या आवाजात गावोगाव फिरायची. तो आवाज ऐकून म्हशी पान्हा चोरतात, अशी तक्रार थेट नेकनूरहून आली होती. चौकात भला मोठा फ्लेक्स. त्यावर गॉगल लावलेले साडू, दोन्ही हातांत एकेक बूट. ते बघून एका म्हातारीने मला खरंच विचारलं, "लेकरा, मतदान कवा हाय?"

मग मंदी आली. कापसाला भाव नाही. ऊसतोडीला जाणारी मंडळी एरवी दसऱ्याच्या आसपास घरातल्या सगळ्यांना नवा जोड घ्यायची, ती जुन्यालाच टाके घालून निघाली. ज्यांच्या खिशात थोडंफार खुळखुळत होतं, त्यांनी मोबाईलवरून मागवायला सुरुवात केली. साडूंच्या घरची अर्थमंत्री म्हणजे आक्का, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिची पहिली कात्री जाहिरातीवर चालली. रिक्षा बंद. फ्लेक्स उतरवून शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला. हिवाळाभर साडू गॉगल लावून शेळ्यांवर छत्र धरून होते.

"गिऱ्हाईकच न्हाई, तर वरडायचं कुणासाठी?" आक्का म्हणाली.

"अगं, हाका हरवलेल्या म्हशीलाच मारतेत. दावणीला बांधलेलीला कशाला कुणी हाका मारंल?"

हा युक्तिवाद बिनतोड होता; पण असल्या बिनतोड युक्तिवादांना आक्का चुलीत घालून त्यावर भाकरी भाजायची. तिने निकाल दिला, "गुढीपाडव्यापस्तोर बघते. न्हाई चाललं तर कुलूप, आन् पुण्याला पोराकडं."

साडू आयुष्यात फक्त या एकाच गोष्टीला घाबरले. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "पोरगं अकराव्या मजल्यावर ऱ्हातंय. लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली. तिथं माणसाची चप्पल झिजावी कवा? आन् मी बोलावं कुणाशी?"

जाहिरातीचं बजेट असं शून्यावर आलं, तेव्हा साडूंनी स्वतःचे पाय कामाला लावले. दोन वेगळ्या चपलांची सुरुवात इथून झाली. एसटीत ते दारालगतची सीट धरून पाय असे पसरायचे की चढणारा अडखळलाच पाहिजे. अडखळला की खाली बघणार, खाली बघितलं की विचारणार, आणि विचारलं की त्याचं गाव येईपर्यंत सुटका नाही. कपिलधारला गेलो तर आम्ही दर्शनाला आत आणि साडू बाहेर, भाविकांच्या चपलांच्या ढिगापाशी. एकेक चप्पल उचलून, उन्हाला धरून, वैद्याने नाडी बघावी तशी बघायचे. एकदा एका पैलवानाने त्यांचं मनगटच धरलं. "चप्पल चोरतूस व्हय रं?"

"चोरायची असती तर चांगली चोरली असती," साडू शांतपणे म्हणाले. "हिचा अंगठा गेलाय बघा. दोन दिसांत धोका देईल."

धोका तिने पायऱ्या उतरतानाच दिला. पैलवान लंगडत थेट तेलगावला आला आणि जोड घेऊन गेला.

पण पैलवान रोज कुठून आणायचा? पाडव्याला ऊसतोडीची माणसं परत आली. दुकानात टेकली, पाणी प्याली, साडूंच्या पायाला खळखळून हसली, दोन-दोन जोड घालून आरशासमोर चालली आणि हळूच काढून ठेवून गेली. साडूंनी एकालाही आग्रह केला नाही. आक्काने ते बघितलं आणि काढलेले जोड एकेक करून खोक्यांत भरले. मग कुलूप लागलं.

पुण्याची गाडी बीडहून होती, म्हणून दोघं आमच्याकडे जेवायला थांबले. मी दार उघडलं आणि पहिल्यांदा खाली बघितलं. दोन्ही पायांत तपकिरी. डावी-उजवी एकसारखी, चारचौघांसारखी. "दाजी, आज चप्पल नीट घातली की!" माझी बायको म्हणाली. साडू नुसते हसले. जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलले नाहीत. आमच्या घरात एवढी शांतता भूकंपानंतरसुद्धा नव्हती.

ते हात धूत होते तेव्हा मी दारात गेलो, त्यांची डावी चप्पल पलंगाखाली ढकलली आणि तिथे माझी काळी ठेवली. साडू आले, पाय घातले, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. पिशवी उचलली आणि निघाले.

चार दिवसांनी फोन आला. आवाज तोच, म्हशींचा पान्हा अडवणारा. "पाव्हणं! लिफ्टात एक बाई म्हणली, काका, चप्पल बदलली तुमची! त्यात सातव्या मजल्यावरचा एक म्हातारा घुसला. गडी आपल्या अंबाजोगाईचा निघाला! आता रोज खाली बाकड्यावर बसतो आमी."

"मग, काय विकलं?"

"विकायला ऱ्हायलंय काय आता?" जरा थांबून म्हणाले, "पर इचारलं की हो कुणीतरी."

ती तपकिरी डावी अजून आमच्या दारात आहे. बायको तिच्या भोवतीने झाडून घेते. काल शेजारी आले होते, त्यांनी सहज पाय घालून बघितला. बरोबर बसली.

"मस्त हाय की. दुसरी कुठंय हिची?"

"पुण्याला," मी म्हणालो, "बसा, सांगतो."