केरबाचे ठोके

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरी आटल्या. केरबा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. चाकूरजवळच्या एका गावात विहिरीत पाणी सोडताना तो टँकरवरून घसरला आणि डोक्यावर आपटला. दीड महिन्यानं दवाखान्यातून घरी आला तेव्हा चालत होता, बोलत होता. झोप मात्र गेली होती. जरा डोळा लागला की छाती धडधडायची आणि तो दचकून उठून बसायचा.

"काळजाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला मार बसलाय. तो सावरेपर्यंत असं होणार." किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना.

त्याची बायको पंचशीला शिक्षिका होती. सकाळची शाळा सुटली की ती खाटेशी बसायची आणि त्याचं मनगट धरून घड्याळावर ठोके मोजायची.

"किती?" तो विचारायचा.

"ऐंशी." असायचे एकशेवीस. पण ऐंशी ऐकलं की तो घटकाभर पडून राहायचा.

आठ दिवसांनी त्यानं आपली बोटं गळ्याशी लावली.

"मी बी मोजायलोय, पंचशीला. खोटं कामून सांगतीस? आता तुझ्या बोलण्याचंबी भ्या वाटंल मला."

"मग काय करू, तुम्हीच सांगा."



दुसऱ्या दुपारी तिनं खरं सांगितलं, "एकशे अठरा." त्याला दरदरून घाम फुटला. तो उठून बसला, आणि ती ठोके न मोजता त्याचं मनगट धरून नुसती बसून राहिली.