सहा सपाट चमचे

आमच्या शाळेची प्रयोगशाळा एका कपाटात मावायची. त्या कपाटाची किल्ली शाळेच्या शिपायांकडे असे. त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, मीही म्हणायचो. विज्ञान मी शिकवत होतो, पण कुठल्या बाटलीत काय आहे हे माझ्यापेक्षा मामांना जास्त ठाऊक होतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या झुरळांनी केव्हाच खाल्ल्या होत्या.

सत्तरचं दशक सरतानाची गोष्ट. गाव बेंबळीच्या पुढं, आडवाटेला. पाऊस लागोपाठ दोन वर्षं रुसलेला. शेतात काही उगवत नव्हतं, पण सहकारी संस्था जोमानं उगवत होत्या. त्या वर्षी दूध सोसायटी निघाली. जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या, तेव्हा दूध कुठून येणार, असं मी पहिल्या सभेत विचारलं. दुसऱ्या सभेचं निमंत्रण मला आलं नाही.

सोसायटीच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. मंत्री येणार म्हणून शाळेनं विज्ञान प्रदर्शन भरवायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी पुठ्ठ्याची पुरुषभर उंचीची पेशी करवून घेतली आणि वर मथळा रंगवला, ‘पेशी : एक आदर्श सहकारी संस्था’. मधोमध केंद्रक, म्हणजे चेअरमन. भोवती संचालक मंडळ. सगळ्यात बाहेरच्या रेघेपुढं त्यांनी एकच शब्द लिहिला होता, ‘कुंपण’.

मला ते सहन झालं नाही. कुंपण नुसतं अडवतं. पेशीचं पटल निवड करतं. लग्नातल्या दोन पंगती पाठीला पाठ लावून बसवाव्यात, तसे स्निग्ध पदार्थाचे कण तिथं दोन रांगांत बसलेले असतात. तोंडं पाण्याकडे, एका रांगेची बाहेर, दुसरीची आत. पाण्याशी न पटणाऱ्या शेपट्या मधे एकमेकींना टेकलेल्या. ही पंगत जागची हलत नाही असंही नाही, कण सारखे सरकून शेजारी बदलत असतात. त्यांच्यामधून पाणी थोडंफार झिरपतं. मीठ आणि साखर मात्र तशी शिरू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पंगतीत मधेमधे प्रथिनांची दारं असतात, आणि कुठल्या दारानं कुणी जायचं हे ठरलेलं असतं. पेशी जगते ती या दारांवर. केंद्रकाचा नंबर मग लागतो.

मी हे सगळं सांगितलं. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “सर, कुंपणाचा सत्कार कुणी करत नाही.”

मग मी माझा वेगळा प्रयोग मांडायचं ठरवलं. मामांनी घरच्या कोंबडीची दोन अंडी आणून दिली. सौम्य आम्लात दोन दिवस ठेवल्यावर कवच विरघळलं आणि आतल्या पातळ पापुद्र्यातली मऊ अंडी उरली. हा पापुद्रा म्हणजे पेशीचं पटल नव्हे, पण पाणी जाऊ द्यायचं आणि साखर अडवायची एवढं तोही दाखवतो. एक अंडं साध्या पाण्यात ठेवायचं, ते पाणी पिऊन फुगतं. दुसरं साखरेच्या दाट पाकात, तिथं आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि अंडं सुकतं. पाकासाठी साखर चेअरमनच्या पत्नींनी दिली. त्यांना गाव काकू म्हणे. समारंभाच्या सरबतासाठी साखरेचं पोतं त्यांच्याच घरी उतरलं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मामांची नात आजारी पडली. मामांची लेक दीड वर्षाच्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. विहिरींनी तळ गाठलेला, पोहऱ्यात पाण्याइतकाच गाळ यायचा. पोरीला सकाळपासून जुलाब सुरू झाले. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या सिस्टर नेमक्या त्या दिवशी आल्या होत्या. त्यांनी पोरीला पाहिलं आणि उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून घोट घोट पाजत राहायला सांगितलं. मीठ किती, असं मामांच्या लेकीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, अर्धा चमचा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. साखरेचंही माप त्यांनी सांगितलं होतं, लिटरला सहा सपाट चमचे. उद्या दुपारच्या गाडीनं परत येते म्हणून त्या पुढच्या गावी गेल्या.

मामांच्या घरी साखर नव्हती. आम्ही दोघं काकूंकडे गेलो. काकूंनी नुसती साखर दिली नाही, पाणी स्वतःच करून देते म्हणाल्या. आमच्याकडची रीत अशी की दुष्काळात ताटातली भाजी पातळ होईल, पण दुसऱ्याच्या घरी जाणारं गोड फिकं जाता कामा नये. त्यात घरच्यासारख्या माणसाची गोष्ट. काकूंनी तांब्याभर पाण्यात ओंजळभर साखर ओतली, मामांकडे बघून आणखी एक मूठ घातली, चिमूटभर मीठ टाकलं. मी शेजारीच उभा होतो. सहा सपाट चमचे मला आठवत होते. पण एवढ्या मायेनं ओतलेल्या साखरेला जास्त कसं म्हणायचं? मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रदर्शनाचं टेबल लावत होतो, तेव्हा मामा आले. सोसायटीनं समारंभासाठी शिवलेला नवा खाकी गणवेश त्यांच्या अंगावर होता. मंत्र्यांपुढं कात्रीचं तबक त्यांनी धरायचं होतं. गणवेशाला इस्त्री होती आणि चेहऱ्यावर काही नव्हतं.

“पाणी बंद केलं, सर,” ते म्हणाले. “पाजलं की दुप्पट जातंय. पोरगी लई मलूल झालीय. रडतीय, पण डोळ्यात पाणी न्हाय.”

पाणी बंद करायचं, हे तर गावात सगळ्यांनाच माहीत असलेलं औषध. मी काही बोलणार एवढ्यात माझी नजर टेबलावर गेली. पाकातलं अंडं रात्रभरात चेपून सुरकुतलं होतं.

“मामा, ते पाणी किती गोड होतं?”

“बोटं चिकटत होती.”

 दोन दिवस मी तो प्रयोग मुलांना समजावून सांगत होतो आणि पोरीच्या पोटात नेमकं तेच चाललं होतं. आतड्यात पाक होता आणि पेशींमधलं पाणी त्याच्याकडे ओढलं जात होतं. आम्ही तिला पाणी पाजून पाणी काढून घेत होतो.

मी पाकातल्या अंड्याचा ग्लास उचलला आणि मामांना घेऊन थेट काकूंच्या घरी गेलो. अंगणात समारंभाची सगळी मांडामांड होती. मी त्यांच्यापुढं ग्लास धरला, अंडं आधी कसं होतं आणि आता कसं झालं ते सांगितलं, आणि त्याचं कारणही सांगितलं.

काकूंनी ग्लास हातात घेतला. “म्हंजे माझ्या हातानं झालं?”

“मी शेजारी उभा होतो,” मी म्हटलं. “मला माप माहीत होतं.”

काकू मांडलेल्या टेबलाकडे वळल्या. टेबलावर सोसायटीचं लिटरचं नवंकोरं माप ठेवलेलं होतं, रंगीत कागदात गुंडाळलेलं, वर फीत. पहिलं दूध मंत्र्यांनी त्यानं मोजायचं होतं. काकूंनी कागद टरकावला आणि माप उचललं. चेअरमन अहो अहो करत मागं आले, तर त्यांना म्हणाल्या, “मंत्र्याला दुसरं काहीबी मोजू द्या.”

मामांचं घर गावाच्या त्या टोकाला, बौद्ध वस्तीत. काकू तिथं पोरीला मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्या आधी कधी आल्या होत्या का, हे मी विचारलं नाही, आणि त्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही आलं नसावं. गार केलेलं पाणी मी मापानं मोजून घेतलं. मामांच्या लेकीनं साखरेचा एकेक चमचा काठाशी बोटानं सपाट केला. सहा झाले. अर्धा चमचा मीठ. काकूंनी आधी स्वतः चाखलं. फिकं लागलं असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. मग चमच्या-चमच्यानं पाजायला लागल्या.

आतड्याच्या पेशींवर एक दार असं असतं की ते मीठ आणि साखर दोघांना मिळूनच आत घेतं. सत्यनारायणाला जोडीनं बसावं लागतं, तसं. एकटं मीठ त्या दारानं जात नाही, एकटी साखरही नाही. जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जातं. जुलाबात बाकी सगळं बिघडलं तरी हे दार बहुधा शाबूत असतं. मी हे वर्गात कितीदा शिकवलं असेल, पण ते दार खरोखर उघडतं की नाही, याची अशी वाट पाहत कधी बसलो नव्हतो.

दुपारच्या गाडीनं सिस्टर आल्या. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली गेली, म्हणजे अंगात पाणी अजून कमीच होतं. उस्मानाबादला न्यावं का, मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या की आपण इथंच थांबू. पाणी पोटात टिकतंय तोवर पाजत राहा, लघवी झाली की समजायचं पाणी पोचलं, आणि संध्याकाळची शेवटची गाडी सुटायच्या आत झाली नाही तर सगळ्यांनी तिला घेऊन गाडीत बसायचं.

मंत्री चारला यायचे होते. ते सहाला आले. पुढाऱ्यांच्या उशिराबद्दल मी आयुष्यात बऱ्याच वेळा बोललो आहे, पण त्या उशिराचा मी आजही ऋणी आहे. पाच वाजून गेले होते, शेवटची गाडी पारापाशी येऊन उभी राहिली होती. काकूंचा हात अवघडला म्हणून मामांनी नातीला कडेवर घेतलं, आणि तिनं नव्या गणवेशावर, इस्त्रीच्या घडीवरून खाली बुटापर्यंत, जे काही साठलं होतं ते सोडलं.

मामा जागेवरून हलले नाहीत. म्हणाले, “होऊ द्या. संपू द्या तिचं.”

सिस्टर गाडीत बसून गेल्या. काकूंनी माप धुऊन घेतलं. कपडे बदलून या, असं मी मामांना म्हटलं, तर ते म्हणाले की गणवेश समारंभासाठीच शिवलाय. ओल्या गणवेशातच त्यांनी मंत्र्यांपुढं तबक धरलं. मंत्र्यांनी फीत कापली, रंगीत कागद नसलेल्या मापानं दूध मोजलं, सहकार म्हणजे काय यावर तासभर बोलले. मुख्याध्यापकांनी त्यांना पुठ्ठ्याची पेशी दाखवली. मी सबंध वेळ मामांच्या डाव्या कुशीवरचा तो डाग बघत होतो. तो वाळत चालला होता आणि त्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटत होती.