बागेत टांगलेल्या सीड्या

सतीश गेला त्या दिवशी फोन आला, तो मी कापला. अनोळखी नंबर, घाबरा आवाज, 'तुमच्या भावाला दवाखान्यात आणलंय'... असे फोन कोण करतं आणि पुढे काय मागतं, याची सूचना वसतिगृहाच्या फलकावर मीच लावली होती. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग सतीशच्या बायकोचा, सुनीताचा, आला. ती नुसती रडत होती. बारामतीहून इंदापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं.

सतीश माझा धाकटा भाऊ. मी बारामतीत मुलींचं वसतिगृह सांभाळते. किराणा, गॅस, चाव्या, हजेरी... सगळ्याची यादी असते आणि यादीत न बसणारी गोष्ट मला खपत नाही. सतीश नेमका तसा होता. इंदापूरच्या बसस्टँडजवळ त्याचा सायबर कॅफे होता. ते दिवस सरल्यावर त्याच जागेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. पण अलीकडे त्याचं काहीतरी बिघडलंय असं मला वाटत होतं. रविवारी मोटरसायकल काढून निघायचा, कुठं ते सांगायचा नाही. परत यायचा तेव्हा हातावर ओरखडे, चपलांना चिखल. सुनीता फोनवर दबक्या आवाजात म्हणायची, "अक्का, ह्यांना परराज्यातून फोन येतात. हिंदीत, इंग्रजीत बोलतात. मी खोलीत गेले की गप्प होतात." मी मनात शक्यता मांडल्या. कर्ज, सट्टा, बाई. शेवटी त्याला समोर बसवून विचारलंच.

"अक्का, मी गेम शोधतोय."

"कसला गेम?"

"मीच केलेला. गोफण."

कॅफे नवा होता तेव्हा त्यानं ब्राउझरमध्ये खेळायचा एक गेम बनवला होता म्हणे. ज्वारीचं रान, मधे राखणीचा माळा, माळ्यावर गोफण घेतलेला पोरगा आणि आभाळभर पाखरं. तो त्यानं एका फुकटच्या वेबसाइटवर चढवला. पुढे ती साइट चालवणारेच बंद पडले आणि गेमही गेला. जुन्या साइटींच्या प्रती जपून ठेवणारी ठिकाणं नेटवर असतात, तिथंही त्यानं हुडकलं. पान निघालं. वर 'गोफण', खाली त्याचं नाव आणि गेमच्या जागी राखाडी, रिकामी चौकट. ती त्यानं मला दाखवली. रिकामी चौकट काय, कुणीही दाखवेल. फोन करणारे लोकही असेच हरवलेले गेम आणि साइटी शोधणारे होते, एकमेकांना मदत करणारे.

"किती पैसे मागतात?"

"मागत नाहीत."

"मग तर नक्कीच काहीतरी आहे."

"तू पोलिसात पाहिजे होतीस, अक्का," तो हसला. मग म्हणाला, "त्यात आबांचा आवाज आहे."

आबा म्हणजे आमचे वडील. पळसदेवला धरणाच्या पाण्याच्या कडेला आमचं रान. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो आहेत, आवाज कुठंच नाही. लहानपणी आम्ही दोघं माळ्यावर बसून पाखरं राखायचो आणि डुलकी लागली की बांधावरून आबांचा टोमणा यायचा. तोच त्यांना माइकसमोर बसवून बोलायला लावला, असं सतीशचं म्हणणं. माझा विश्वास बसेना. आबा कॅफेच्या पायरीवर टेकायचेसुद्धा नाहीत; "काचंत बघून पोट भरतंय व्हय?" असं रस्त्यावरूनच विचारायचे. ते माइकसमोर बसले?

"काय म्हणतात त्यात?"

"ते नाही सांगणार. ऐकलंस की कळेल."

म्हणजे काही नाहीच, असं मी धरून चालले.

रविवारच्या ओरखड्यांचा खुलासाही तेव्हाच झाला. गेमच्या काही प्रती त्यानं सीडीवर काढल्या होत्या आणि सीडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर कंपासच्या टोकानं नाव कोरलं होतं. कॅफे बंद करताना मशिनं भंगारात गेली आणि सीड्यांची खोकी त्यानंच ओळखीच्या शेतकऱ्यांना वाटली. आमच्याकडे पेरू-डाळिंबाच्या बागांत पाखरं बुजावीत म्हणून सीड्या टांगतात. गेम नेटवर आहे, जातोय कुठं, असं त्याला वाटलं होतं. आता तो बागोबाग फिरून टांगलेल्या सीड्यांची कडी वाचत होता. कुणाला तो जमिनीचा दलाल वाटला, कुणाला करणी करणारा. एकानं तर अंगावर कुत्रं सोडलं. लोकांचं काय चुकलं, असं मी तेव्हा त्याला तोंडावर विचारलं होतं.

सतीशचे दिवस-कार्य झाल्यावर कागदपत्रांसाठी मी सुनीताकडे थांबले होते. सतीशचा मोबाइल वाजला.

"सतीशराव हायत का?"

"कोण बोलतंय? कुठून? काम काय?"

"अंकुश बोलतोय, बावड्यावरनं. पेरूची बाग काढली आमी. सीड्या उतरवल्या की फोन करा, आसं सांगून ठिवलं हुतं त्यांनी."

सतीश आता राहिला नाही, हे मी सांगितलं. तो म्हणाला, "तुमी या. ठिवल्यात मी."

सुनीताला त्याचा नंबर लिहून देऊन गेले. अंकुश चाळिशी ओलांडलेला, बोलका. ओट्यावर त्यानं खताच्या पिशवीतून सीड्या ओतल्या. मी एकेक उलटी-सुलटी करून बघू लागले आणि एका कड्यावर ओळखीचं वळण दिसलं. गोफण. सतीशचंच अक्षर. पण उन्हानं चांदी उडाली होती. डोळ्यापुढे धरली तर आरपार म्हशीचं शिंग दिसत होतं. त्यातून काही निघणार नाही हे मलाही कळत होतं.

अंकुशनं वाकून नाव वाचलं. "अगाऽ गोफण! ह्यो गेम हाय व्हय ह्याच्यावर? कॉलेजात आसताना तास बुडवून खेळायचो की आमी, स्टँडजवळच्या कॅफेत!"

मी सावध झाले. "काय होतं त्यात?"

"ज्वारी, पाखरं... आन् हारलं की एक म्हातारा वरडायचा. त्येच्यासाठी तर आमी मुद्दाम हारायचो!"

"काय ओरडायचा?"

तो लाजला. बायको ऐकत नाही ना, म्हणून दाराकडे बघितलं. मग नाकातून, शब्द ओढत म्हणाला, "पाव्हणं जिवून गेलं... इऽडा दे आता त्यास्नी!"

पाखरं म्हणजे पाहुणे, आणि जेवून निघाले तर आता विडा दे... हे आमच्या बांधाबाहेर कुणी ऐकलेलं नाही. 'इडा' ओढायची तऱ्हाही तीच.

"हे तुम्हाला सतीशनं सांगितलं होतं ना?"

"न्हाय ओ ताई. ते यायचे, सीड्या बघायचे, पानी पिऊन जायाचे. कशापायी बघताय ते त्यांनी सांगितलं न्हाय आन् मी ईचारलं न्हाय. मला वाटलं, आसंल कायतरी भानगड."

ती सीडी वसतिगृहात चाव्यांच्या कपाटात आहे, उन्हापासून लांब. प्रती आणखी होत्या, असं सतीश म्हणाला होता. परवा इंदापूरहून परतताना रस्त्याकडेच्या डाळिंबाच्या बागेत काहीतरी लखलखलं. मी गाडी थांबवायला लावली. तारेखालून वाकून आत गेले, पदर काट्यात अडकला. सीडीचं कडं अंगठ्यानं पुसतेय तोच मागून आवाज आला, "ओ बाई! काय चाललंय? कोन तुमी?"

हातात काठी, कपाळाला आठ्या, नजर माझ्या पर्सवर.

"सीड्या बघतेय, दादा."

"कशापायी?"

इथं सतीश गप्प बसायचा. मी पर्स खाली ठेवली, घसा साफ केला आणि 'इडा' नीट ओढून, बांधावरून ओरडावं तसं, आबांचं वाक्य त्याला म्हणून दाखवलं.

"हे कधी ऐकलंय का?"