टिटवीचा वळसा

बार्शीकडच्या डोंगरावर वनखात्याचं राखीव रान आहे. दर रविवारी मी तिथे चालायला जातो. फाटकापासून माथ्यापर्यंत माझी बाराशे चाळीस पावलं होतात. एका रविवारी तेराशे पाच झाली, कारण मधेच कुणीतरी दगड मांडून वाटेला वळसा दिला होता.

मी राखणदाराकडे तक्रार केली. मानेवर आडवी काठी घेऊन तिच्यावर दोन्ही हात टाकून उभं राहायची त्याची सवय. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

“पासष्ट पावलांनी पाय झिजत्यात व्हय, सर?” तो हसला आणि मला त्या दगडांपाशी घेऊन गेला. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. “तिची अंडी हायत. हितनंच मोजा की.”

“तीन.”

“चार. एक तुमी दगडात धरलं. मोजणाऱ्याला दिसंना, तर गप्पा मारत येणाऱ्यांच्या पायाखाली काय ऱ्हाईल?”

पुढचे तीन रविवार तो उन्हात तिथेच उभा दिसला, येणाऱ्या प्रत्येकाला वळशाकडे पाठवत.

पिल्लं निघून गेल्यावर त्याने दगड उचलले आणि वाट पुन्हा सरळ केली. माझी पावलं मात्र अजून तेराशे पाचच होतात.