लॉगिनकाकांनी लावलेला फिल्टर

आमच्या मदत टेबलाला दोन खुर्च्या. एक माझी, दुसरी लॉगिनकाकांची. नाव पोरांनीच ठेवलेलं. विद्यापीठात नवीन आलेली निम्मी पोरं "काका, लॉगिन होत नाही" असं म्हणतच आत शिरायची, त्यावरून पडलं. मी तापट, हे आधीच सांगून टाकते. तिसऱ्यांदा पासवर्ड विसरलेल्याला मी चारचौघांत झाडायचे. काका म्हणायचे, "अगं, असू दे. मी पहिल्या दिवशी कॉम्प्युटर बंद करायला प्लगच उपटला होता."

ते मूळचे ग्रंथालयातले. पंचवीस वर्षं लाकडी खणांत पुस्तकांची कार्डं लावली. मग कार्डं रद्दीत गेली आणि बावन्नाव्या वर्षी काकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. शिकवायला आलेला साहेब त्यांच्या हातातला माउस ओढून घ्यायचा, खटाखट चार ठिकाणी दाबायचा आणि विचारायचा, "कळलं ना?" काय कपाळ कळणार! काका घरी जाऊन बायकोसमोर रडले होते. हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणून त्यांचा एक नेम होता, विद्यार्थ्याच्या माउसला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि नुसतं तोंडाने सांगायचे. "वर बघ. आता उजवीकडे. अरे, ते डावं झालं." एकेकाला अर्धा अर्धा तास. इकडे रांग दारापर्यंत आणि माझा जीव खालीवर.

एका वर्षी एक मुलगी आली. लांबच्या गावची, कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिलीच. फोन नव्हता, त्यामुळे मेल बघायची ती आमच्याच कॉम्प्युटरवर. रोज सकाळी आम्ही कुलूप काढायच्या आधी दारात हजर. आठ दिवसांत ती मेल उघडायला, उत्तर द्यायला, फाइल जोडायला शिकली. पहिला मेल काकांनाच, दोन फुटांवरून. "काका, मी इथेच बसले आहे." काका तो दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरले. "जन्मात कधी मेल आला नव्हता का?" असं मी म्हटलं खरं, पण मलाही बरं वाटलं होतं.

मग विद्यापीठाने वर्गांच्या जोडीला अभ्यासाची एक ऑनलाइन साइट सुरू केली आणि त्या साइटवरून मेलांचा नुसता मारा. कुणी प्रश्न विचारला की मेल, कुणी उत्तर दिलं की मेल. दिवसाला साठ-सत्तर. मुलगी रडकुंडीला आली. "काका, यातलं महत्त्वाचं कुठलं?" त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली होती. मी खेकसले, "काका, लाड पुरे झाले! आटपा!" आणि काकांनी तिच्या हातातला माउस घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं. त्या साइटचा प्रत्येक मेल आपोआप वेगळ्या फोल्डरात जाईल असा फिल्टर त्यांनी लावून दिला. "आता समोर दिसेल तेवढंच बघायचं, बाळा." मुलगी हसत गेली.

प्रवेश विभाग दरवर्षी स्वतःच्या पत्त्यावरून मेल करायचा. त्या वर्षी त्यांनी, आम्हाला एका शब्दाने न कळवता, त्याच साइटवरून पाठवला. प्रवेश कायम करायला सात दिवसांत एक बटण दाबायचं होतं. बाकीच्यांनी फोनवर दाबून टाकलं, त्यात बोलण्यासारखं काय होतं? मुलगी सातही दिवस आली, मेल बघितले आणि निश्चिंत मनाने वर्गात गेली. आठव्या दिवशी तिची जागा दुसऱ्याला दिलेली होती.

काकांनी प्रवेश विभागाचे उंबरे झिजवले. "चूक माझी आहे हो, हवं तर मला काढा." तिथला अधिकारी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "मेल पोचलाय. ही बघा वेळ." तिकडे आमच्या साहेबांनी मला बोलावून दम भरला. चूक मदत टेबलाची, हे कुणाच्या तोंडून निघता कामा नये. माझी नोकरी कंत्राटी, आणि मुदत त्याच महिन्यात संपत होती.

दोन दिवसांनी वडील तिला न्यायला आले, आमच्या टेबलाशी येऊन काकांना म्हणाले, "साहेब, आमच्या पोरीने मेल बघितले नाहीत म्हणे?"

काका उठून उभे राहिले. "रोज बघितले. एक दिवस चुकली नाही. मीच तिच्या मेलमध्ये असं काही करून ठेवलं की तो तिला दिसलाच नाही."

वडिलांनी हात जोडले. "तुम्ही तिला पाठीशी घालताय, कळतंय मला. पण मेल आला होता. मला दाखवला त्यांनी."

"अहो, शपथेवर सांगतो!" काकांचा आवाज फाटला. "या बाईंना विचारा. त्या शेजारीच होत्या."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, मान खाली घालून म्हणाले, "मला नाही आठवत."

वडील मुलीकडे वळले. "बघ, तुझ्यापायी परक्या माणसाला खोटं बोलावं लागतंय."

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली.

माझं कंत्राट वाढलं. काका तसेच माझ्या शेजारी बसत राहिले, डब्यातलं अर्धं मला देत राहिले. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला सोसल्या असत्या, हे सोसत नव्हतं.

पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण आली. तसेच डोळे, तशीच सकाळी दारात. ताई कशी आहे, काकांनी विचारलं.

"घरीच असते. तिने मला बजावून पाठवलंय," धाकटी म्हणाली, "मेल नीट बघत जा, माझ्यासारखा हलगर्जीपणा करू नकोस म्हणून."

काका माझ्याकडे बघत थांबले.

मी त्या मुलीला म्हटलं, "पासवर्ड टाक."