रेमीची झाकलेली टोपली

रेमी व्हॅनहूट आपल्या बायकोला तुकड्यातुकड्याने नदीपार पोचवतोय, अशी त्या उन्हाळ्यात आमच्या धक्क्यावर कुजबुज होती.

दर मंगळवारी एक टोपली. तिच्यावर काळं फडकं. जाताना जड, कारण रेमी ती दोन्ही हातांनी धरून होडीत ठेवायचा. येताना रिकामी, कारण एका बोटाला अडकवून उतरायचा. आणि मार्सेला व्हॅनहूट मे महिन्यापासून कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. एवढं सगळं हाताशी असल्यावर खून शिजायला कितीसा वेळ लागतो?

तो शिजला डॉट मॅकलिशच्या दुकानात. डॉट धक्क्याला लागून गळाची गांडुळं आणि कॉफी विकते. दोन्ही एकाच फळीवरून, आणि वॉलीच्या म्हणण्याप्रमाणे कधीकधी एकाच चमच्याने. वॉली म्हणजे डॉटचं कायमचं गिऱ्हाईक, जो कॉफी एक घेतो आणि खुर्ची दिवसभर अडवतो. दुकानाची खिडकी नेमकी धक्क्यावर उघडते. परमेश्वराने ती डॉटसाठीच तिथे ठेवली असावी.

"बघ, बसलाय पुतळ्यासारखा," डॉट म्हणायची.

"नियमच आहे तो, बाई. फोनवर जी वेळ सांगितली ती होईपर्यंत होडीबाहेर पाय टाकायचा नाही."

"नियम मला नको शिकवूस. माझ्याकडेही नदीपारचं कार्ड आहे. पण मी बसते तेव्हा विणकाम करते. हा टोपलीकडे बघत बसतो."

"रिकामी आहे ना ती?"

"तेच म्हणते मी, वॉली. रिकाम्या टोपलीकडे कोण बघतं?"

वॉलीने हा प्रश्न पुढच्या गिऱ्हाइकाला विचारला. त्याने तो पुढे नेला, आणि गोष्ट गावभर झाली.

आमची नदी सेंट क्लेअर. अलीकडे कॅनडा, पलीकडे अमेरिका, आणि मधून घराएवढी उंच, गल्लीएवढी लांब मालवाहू जहाजं जातात. पूर्वी फेरीबोट होती. एका हिवाळ्यात बर्फाने तिचा धक्का मोडला तो मोडलाच. पूल आहे, पण दूर, वरच्या शहरात. म्हणून दोन्ही काठांवर ज्यांची नातीगोती आहेत त्यांनी भरवशाचं कार्ड काढून घेतलं. सरकार तुमचं सगळं कुळमूळ तपासतं, बोटांचे ठसे घेतं, आणि माणूस सरळ आहे असा शिक्का मारतं. मग आपली होडी काढायची. परत येताना आधी फोन करायचा: मी अमुक, अमुक वेळेला येतो, सोबत अमुक आहे. धक्क्याला लागून वेळ होईपर्यंत बसायचं. कस्टमचं कुणी आलं तर आलं. नाही आलं तर उठून घरी जायचं. बहुतेक वेळा कुणी येत नाही. पण एक खोटा शब्द सापडला की कार्ड जातं, आणि गेलेलं कार्ड परत मिळत नाही.

बाकीच्यांना ते कार्ड स्वस्त पेट्रोल आणि चीज आणायला लागायचं. रेमीचे ते पाय होते. त्याला समोरचं दिसायचं, पण नजरेच्या कडा काळवंडत चालल्या होत्या. डॉक्टरने मोटारीचं लायसन काढून घेतलं होतं. पाण्यावर मात्र डोळे कुणी तपासत नाही. "रस्त्यावर आंधळा, नदीत कप्तान," असं गाव त्याला चिडवायचं, आणि तो हसायचासुद्धा नाही.

हसणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. बाप बेल्जियमहून तंबाखूच्या शेतावर राबायला आला तो एक ट्रंक आणि शर्यतीची दोन कबुतरं घेऊन. रेमीला बापाकडून तीन गोष्टी मिळाल्या: कबुतरांचा नाद, मुका स्वभाव आणि अंगणातला कबूतरखाना. मार्सेला नदीपलीकडच्या बेल्जियन वस्तीतली. तिच्या पाखराने एका शर्यतीत रेमीच्या पाखराला हरवलं, म्हणून त्याने तिला मागणी घातली. डॉट म्हणते, हरलेला पैलवान दुसरं काय करणार!

त्या वसंतात मार्सेलाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रेमी तिला उचलून जिन्यावरून खालीवर न्यायचा. एका सकाळी ती त्याच्या हातून निसटली. मोडलं काही नाही, पण चौथ्या पायरीवर ती पडून होती आणि तो वर उभा होता, आणि दोघं एकमेकांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचा, इर्माचा, मुलगा पहाटे गाडी घेऊन आला आणि पुलावरून मावशीला घेऊन गेला.

रेमीने गावात कुणाला सांगितलं नाही. बायको सांभाळता आली नाही, हे वाक्य तो कबुतरांनासुद्धा सांगेना. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. आमच्या गावात झाकल्या मुठीत लोक सुरा बघतात.

इर्माला फोन केला की ती म्हणायची, "बरी आहे," आणि ठेवून द्यायची. तिच्या लेखी हा बहिणीला पाडणारा माणूस. भेटायला गेलं तर मार्सेला भिंतीकडे तोंड करून बसलेली. मग एका मंगळवारी रेमीने काय केलं, मार्सेलाची आवडती राखी मादी टोपलीत घातली, वर फडकं टाकलं आणि होडी काढली. मार्सेलाने डावा हात पाखराच्या पाठीवर ठेवला. बऱ्याच वेळाने तिने इर्माच्या लोकरीच्या पेटीतून लाल धागा ओढला, पाखराच्या पायाला कसाबसा गुंडाळला, दाताने गाठ मारली, आणि त्याला व्हरांड्यातून सोडून दिलं.

रेमी धक्क्यावर वेळ भरत बसला होता तेव्हा ती मादी त्याच्या डोक्यावरून घराकडे गेली. तिला कुणाला फोन करायचा नव्हता.

तेव्हापासून रेमी दर मंगळवारी आठवडाभर पुरतील इतकी पाखरं न्यायचा. मार्सेला रोज संध्याकाळी एक सोडायची. रेमी अंधार पडायच्या आत कबूतरखान्याशी उभा असायचा. पाखरू उतरलं, पायाला लाल धागा दिसला, की तो धागा काढून खिळ्याला अडकवायचा. म्हणजे आज मार्सेला आहे. मगच तो जेवायला बसायचा.

पाप एवढंच होतं की पलीकडे उतरताना फोनवर चेहरा दाखवून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. मांस आहे? फळं आहेत? पशुपक्षी? जिवंत पाखरांना परवाना लागतो, पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि त्या वर्षी पक्ष्यांच्या रोगामुळे मिळत कुणालाच नव्हता. रेमी "नाही"वर बोट ठेवायचा. पहिल्यांदा त्याने प्रश्न दोनदा वाचला. नंतर न वाचताच बोट पडायला लागलं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटायची.

सप्टेंबर लागला. नदी हिरवी होती ती काळपट झाली. सकाळी धुकं इतकं की जहाज दिसायच्या आधी त्याचा भोंगा छातीत ऐकू यायचा. अशाच एका मंगळवारी रेमी परतला तर धक्क्याच्या टोकाला एक पांढरी व्हॅन उभी. आत दोन माणसं. उतरली नाहीत. वेळ भरली, रेमी टोपली घेऊन त्यांच्यासमोरून गेला, आणि व्हॅनची काच थोडी खाली आली. बस, एवढंच.

पुढच्या मंगळवारी व्हॅन होडीच्या अगदी समोर. या वेळी एक तरुण बाई उतरली, धक्क्याच्या काठावर उभी राहिली आणि होडीच्या तळाकडे बघत राहिली.

"नदी कशी आहे?" तिने विचारलं.

"ओढ आहे," रेमी म्हणाला.

"जपून जा हं." आणि ती परत गाडीत बसली. रेमीला वाटलं, झडती घेतली असती तर बरं झालं असतं.

यामागे डॉट होती, हे सांगायला ज्योतिषी नको. रेमीच्या होडीत तिला एक राखी पीस सापडलं होतं. पराचा कावळा करण्यात आमचं गाव पटाईत, पण इथे पराचं प्रेत झालं. "उशीचं पीस आहे ते," ती वॉलीला म्हणाली. "उशी कशाला लागते, सांग. तोंड दाबायला."

"डॉट, तुझी जीभ उचलून टाळ्याला लागते ती खाली येतच नाही."

"मी कुठे काय म्हटलं? मी कस्टमला फोन करून इतकंच म्हटलं, जरा बघा."

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी रेमी निघाला तेव्हा त्याला पाखरं नेऊ नयेत असं वाटलं होतं. तो टोपली घेऊन अंगणात उभा राहिला. पण त्या आठवड्याचे सगळे धागे सैल बांधलेले आले होते; एक तर नुसता अडकलेला होता. मार्सेलाचा हात थकत होता. पाखरं नेली नाहीत तर तिला वाटेल, आपल्याला सोडलं. त्याने फडकं टाकलं आणि गेला.

परतला तेव्हा तीच बाई धक्क्यावर उभी होती. या वेळी तिने नाव सांगितलं: ऑफिसर ब्रूसो. दुकानाच्या खिडकीत डॉट आणि वॉलीची डोकी एकाला एक चिकटलेली.

"मिस्टर व्हॅनहूट, तुमची पत्नी कुठे आहे?"

"बहिणीकडे. पलीकडे."

"गावात कुणाला माहीत नाही."

"कुणी विचारलं नाही."

हे मात्र खरं होतं. सहा महिन्यांत गावात सगळ्यांनी एकमेकांना विचारलं होतं, रेमीला कुणी नाही.

"बहिणीचा नंबर देता? वाईट वाटून घेऊ नका. एक फोन करते आणि हा विषय संपवते." तिला खरोखरच संपवायचा होता. तिने फोन मोठ्या आवाजावर लावला, साक्षीला सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"मार्सेला? जिवंत नाही तर काय!" इर्माचा आवाज धक्काभर घुमला. "माझ्या व्हरांड्यात बसलीय, मांडीवर कबूतर घेऊन. आत्ताच तर देऊन गेला तो. सगळी फरशी घाण केलीय त्या पाखरांनी. त्याला म्हणावं, एवढी आणतोस तर दाणेपण आणत जा!"

फोन बंद झाला. दूर एका जहाजाने भोंगा दिला. खिडकीतली दोन डोकी वेगळी झाली. खुनाचा आळ उतरला होता, आणि ज्या तोंडाने उतरला त्याच तोंडाने दुसरा गुन्हा सांगून टाकला होता.

ऑफिसर ब्रूसोने फोन खिशात ठेवला. "शेजाऱ्याची असतील ती कबुतरं," ती हळूच म्हणाली. "तिकडचीच."

तिने सुटकेचं दार उघडून दिलं होतं. रेमीने फक्त मान डोलवायची होती. पण नाही म्हणून म्हणून त्याचं बोट झिजलं होतं.

"माझी आहेत," तो म्हणाला. "मीच नेतो."

"मला हे लिहावं लागेल. तिकडे कळवावं लागेल."

"लिहा."

त्याने कार्ड स्वतःच खिशातून काढून दिलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं सरकारला वाटलं असणार. त्या संध्याकाळपासून त्याची होडी धक्क्यालाच बांधलेली राहिली.

बुधवारी डॉट गोड बटर टार्टची पेटी घेऊन त्याच्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"मी नुसतं म्हटलं, बघा जरा म्हणून."

"बघितलं त्यांनी."

"अरे, मेल्या, सांगायचंस तरी! मीच नेलं असतं की तुला." ती रडत होती की रागावली होती, तिचं तिलाच माहीत. "रविवारी दुकान बंद असतं. रविवारी पुलावरून नेते. चालेल?"

"रविवारी चालेल," रेमी म्हणाला. टार्टची पेटी त्याने घेतली, पण उघडली नाही.

त्या खेपेला रेमीने भीतभीत पाचच पाखरं नेली होती, ती पलीकडे होती. सगळी लगेच सोडून द्या, असं इर्माला सांगण्यात आलं होतं. पण मार्सेलाने पाखरांच्या खोक्यावरचा डावा हात काढला नाही, आणि इर्माने तो ओढला नाही. मंगळवारचं पाखरू आलं, बुधवारचं आलं, धाग्यासकट. गुरुवारी धागा नुसता बोटाला अडकवलेला. शुक्रवारी वाऱ्याने नदी उलटी फिरल्यासारखी झाली, तरी पाखरू आलं, आणि धागा होता.

शनिवारी राखी मादी आली, रोजच्या वेळेच्या पुष्कळ आधी, भर दुपारी. रेमीने तिला हातात धरलं. एक पाय पाहिला. दुसरा पाहिला. नजरेच्या कडा काळ्या, म्हणून त्याने ती उजेडात नेली आणि दोन्ही पाय बोटांनी चाचपले. घरात फोन वाजायला लागला. तो आत गेला नाही. पाखरू हातात घेऊन तसाच उभा राहिला.

रेमीने बायकोला नदीपार पोचवलं नाही. तिला तिच्या बहिणीचा मुलगा मे महिन्यात गाडीतून घेऊन गेला. टोपलीत कबुतरं असायची. मार्सेला शनिवारी दुपारी इर्माच्या व्हरांड्यात वारली. शेवटचं कबूतर इर्माने सोडलं. रेमी तिथे नव्हता, कारण त्याच्याकडे कार्ड नव्हतं.