हेबामेची नोंदणी

जर्मनमधला मी मन लावून पाठ केलेला पहिला शब्द म्हणजे 'हेबामे'. हेबामे म्हणजे सुईण. शिकलेली, परीक्षा पास झालेली, सरकारदरबारी नोंद असलेली. मी तीच होते. नागपूरला नर्सिंग आणि मिडवाइफरी शिकले, तिथल्याच इस्पितळात बायकांची बाळंतपणं केली, आणि मग एका फौजी इंजिनियरशी लग्न करून बसले. माणूस चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण फौजेतला संसार म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ट्रंका, सतरंज्या, कुकर सगळं पाठीवर चढायचं, बायकोची नोंदणी तेवढी चढायची नाही. अंबाला, सिकंदराबाद, झाशी... प्रत्येक राज्याचं नर्सिंग कौन्सिल वेगळं, प्रत्येक ठिकाणी नव्याने अर्ज, आणि अर्ज पुढे सरकू लागला की यांची बदली.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने यांना तांत्रिक शिक्षणासाठी स्टुटगार्टला पाठवलं. आम्ही जवळच बॉबलिंगेनमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. इथल्या इस्पितळांना माणसं मिळत नाहीत, असं जो तो म्हणत होता. मला तर हुरूपच आला. आमचं काम पुस्तकात नसतं, हातात असतं. पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं कुठे आहे ते कळायला हवं, आणि सराव सुटला की ते कळेनासं होतं. ही मला खरीखुरी भीती होती. पोळ्या लाटताना मी माझ्याच हातांकडे संशयाने बघायची.

खालच्या मजल्यावर जवळच्या अमेरिकन छावणीतला एक सार्जंट आणि त्याची बायको राहायचे. तीही नर्स. रोज सकाळी कडक पांढऱ्या कपड्यांत त्यांच्या फौजेच्या इस्पितळात जायची. एकदा मी तिला इंग्रजीत विचारलं, "तुमची बदली झाली की तुमच्या लायसन्सचं काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "आमच्या आर्मीला कुठल्याही एका राज्याचं चालतं."

मला तिचा इतका हेवा वाटला की चहा कडू लागला. बिचारी मनाने फार चांगली. तिने तिथे माझ्यासाठी शब्द टाकला, पण ते फक्त अमेरिकनांनाच घेत. नकार सांगायला ती केक घेऊन वर आली आणि जिन्यातच रडायला लागली. म्हणजे नोकरी माझी हुकली आणि समजूत मी तिची काढली!

मग मी जर्मन सरकारचं दार ठोठावलं. त्यांचं आरोग्य खात्याचं ऑफिस, गेझुंडहाइट्सआम्ट. समोर एक वयस्कर, नीटनेटका साहेब. माझी प्रमाणपत्रं त्याने आदराने हातात घेतली. म्हणाला, ज्या राज्यात तुमची नोंद आहे, त्या राज्याकडून ती अजून चालू असल्याचं लिहून आणा.

इथेच तर घोडं अडलं. माझी नोंद होती जुन्या मध्य प्रदेशात, नागपूर राजधानी असलेल्या. आता नागपूर महाराष्ट्रात, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला, आणि माझं नाव नेमकं कोणाच्या दप्तरात, हे कोणालाच सांगता येईना. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "ते राज्य आता नाही."

साहेबाने चष्मा काढला. "युद्ध?"

"नाही. भाषा."

हे त्याला समजणं शक्यच नव्हतं. त्याने चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाला, "मी ब्रेस्लाउचा. युद्धानंतर ते पोलंडमध्ये गेलं, तेही आता जर्मनीत नाही."

"मग तुमची परीक्षा, तुमची नोकरी?"

"आमच्यासारख्यांसाठी कायदा झाला. आमचे जुने दाखले इथे मान्य केले." त्याने माझी प्रमाणपत्रं सरळ करून परत दिली. "तुमच्यासाठी तसा कायदा नाही, बाईसाहेब. मला वाईट वाटतं." त्याला खरंच वाईट वाटत होतं, म्हणून तर भांडताही आलं नाही. आडमुठा असता तर निदान दोन शब्द सुनावून तरी आले असते.

घरी येऊन मी म्हटलं, "अहो, नर्स म्हणून नाही, तर नुसती मदतनीस म्हणून तरी जाऊ का? तिथे दाखला लागत नाही."

"ऑफिसरच्या बायकोने परदेशात मदतनीस व्हायचं म्हणजे... परवानगी लागेल गं. मी वरती विचारतो."

"वरती म्हणजे कुठे? देवाकडे?"

हे हसले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. वरून उत्तर आलंच नाही. आणि मग मलाच दिवस राहिले.

कळा सुरू झाल्या तेव्हा हे स्टुटगार्टला होते. खालच्या अमेरिकन बाईने मला गाडीत घालून गावातल्या इस्पितळात सोडलं. लेबर रूममध्ये तोच वास, नागपूरसारखाच, फिनेल आणि उकळलेल्या कापडाचा. इतक्या काळाने मी तिथे पाय टाकला, तो आडवं व्हायला. माझा हात आपोआप पोटावर गेला. बाळाचं डोकं खाली होतं. हात विसरले नव्हते! मला एकदम रडूच फुटलं.

एक प्रौढ सिस्टर माहिती लिहून घ्यायला उशाशी बसली. नाव विचारलं, जन्मगाव विचारलं, धर्म विचारला.

"बेरूफ?" व्यवसाय?

किती दिवस मी या प्रश्नाची वाट पाहत होते. "हेबामे," मी म्हटलं.

"या, या," म्हणजे हो, हो, म्हणत तिने माझा हात थोपटला. "येतेच आहे ती."

"नाही, नाही. मी! हेबामे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुमच्यासाठीच येतेय. धीर धरा."

तिने लिहायला सुरुवात केली. मी मान उचलून बघत होते. पहिलं अक्षर एच. माझा जीव भांड्यात पडला. समजलं हिला, हेबामेचाच एच. पेन पुढे गेलं आणि पूर्ण शब्द झाला, हाउसफ्राउ. गृहिणी.

मी तिचा हात धरायला गेले तेवढ्यात मोठी कळ आली आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "हेबामे!"

दार उघडून इथली हेबामे धावत आत आली. माझ्याहून लहान होती. तिने बाह्या वर केल्या, माझ्या पोटावर हात ठेवला आणि श्वास कसा घ्यायचा ते मला शिकवू लागली.